दारातले जोडे

लंडन, आषाढ वद्य पंचमी, संध्याकाळ.

शिसारी आली. दिवसभर पावसात शहर पाहिलं. मोठ्या चर्चच्या दारात मी न् बायकोनं सवयीनं जोडे काढले. आत बघतो तर गोरे चिखलाच्या बुटांनी थेट देवापुढं! बाहेर आलो, तर पहारेकऱ्यानं आमचे जोडे पावसात भिरकावलेले. पाण्यानं भरलेले. इथं बॅरिस्टरी शिकणारा धाकटा भाऊ चिडला, "दादा, कावून लाज आणता?"

"भाऊजी, गावाकडं लिंबागणेशाच्या देवळातबी बूट घालूनच जाता का?" बायकोनं विचारलं. तो छत्री उघडून पुढं चालू लागला.

पुढच्या चर्चला ती एकटीच अनवाणी आत गेली. मी? भावामागं, बुटासकट. मागं वळून पाहिलं. फरशीवरचे माझ्या चिखलाचे ठसे चुकवत ती पाय टाकत होती.