ताईची खोली आणि दोन डोळस साक्षीदार

मी, शरच्चंद्र वामन खांबेटे, वय वर्षे चौपन्न, राहणार थेरगाव, धंदा नोकरी (चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता-निरीक्षण, अर्थात इतरांच्या कामातील दोष काढण्याचे सवेतन पुण्यकर्म), आज गुरुवारी, साप्ताहिक सुटीचे औचित्य साधून, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाविषयी तसे विधान करवत नाही. त्याच्या तीन वाहिन्या अवरुद्ध असून येत्या सोमवारी शल्यचिकित्सक त्यांना पर्यायी मार्ग काढून देणार आहेत. हिंजवडीच्या वाहतूककोंडीतून रोज जाणारे लोक ज्या भाग्याची आस धरून बसले आहेत, ते मला विनासायास लाभत आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. वस्तुतः ते जन्मतःच मृत होते. त्याची कथा कलम तिसऱ्यात येईल.

कलम पहिले : सदनिका

थेरगावातील दोन खोल्या, स्वयंपाकघर व बाल्कनी असलेली सदनिका माझ्या एकट्याच्या नावावर आहे. हे अर्धसत्य होय. कर्जाचे हप्ते माझ्या पगारातून गेले आणि त्या सर्व वर्षांत घर चालले ते माझी ज्येष्ठ भगिनी सुखदाताई हिच्या शिकवणीवर. दहावीच्या गणिताला घाबरणारी कित्येक मुले तिच्या सतरंजीवर बसून उत्तीर्ण झाली. बँकेचा विश्वास मात्र पगारपत्रकावर, सतरंजीवर नव्हे. म्हणून कागदावर मी एकटा.

ताई अविवाहित आहे. पत्नी आणि पुत्र वारसांच्या पंगतीत बसलेले असताना कायदा बहिणीचे पान मांडत नाही. मी काही न लिहिता गेलो, तर ज्या घरात ती गृहिणीहून अधिक गृहिणी आहे, तेथे ती एका क्षणात पाहुणी होईल. या दस्तऐवजाचे प्रयोजन एवढेच. बाकीची कलमे शोभेची आहेत.

माझा पुत्र मिहिर दुष्ट नाही, केवळ आधुनिक आहे. घर विकून हिंजवडीत बाविसाव्या मजल्यावर जावे, असा त्याचा प्रस्ताव होता.

"आणि आत्याचं काय?" मी विचारले.

"बाबा, तळेगावच्या बाजूला ज्येष्ठांसाठी काय भारी जागा झाल्यात! बाग आहे, योगा आहे, डॉक्टर आहे."

ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढं भारी असेल तर तू का नाही जात रे? मी येईन भेटायला, रविवारी."

सबब, सदनिका मी माझी पत्नी नीलिमा हिला व तिच्या पश्चात मिहिरला देतो. परंतु सुखदाताई हयात असेपर्यंत पूर्वेकडील खोलीत राहण्याचा तिचा हक्क अबाधित राहील, आणि तिच्या लेखी संमतीवाचून घर कोणालाही विकता वा गहाण टाकता येणार नाही. नीलिमाला हे मान्य आहे. किंबहुना मसुद्यातील 'खोली' हा शब्द खोडून 'खोली, बाल्कनीसह' असे तिनेच करवून घेतले. "ताईंचं कपडे वाळत घालणं तुम्हाला माहीत नाही," असे तिचे कारण होते.

कलम दुसरे : जंगम मालमत्ता व जुनी येणी

बँकेतील ठेवी व भविष्यनिर्वाह निधी नीलिमाला. दागिने मुळात तिचेच आहेत, ते देण्याचा आव मी आणत नाही.

भिंतीत भोके पाडण्याचे ड्रिल मशीन मिहिरला. ते सांप्रत नीलिमाचे बंधू गणराज यांच्याकडे 'दोन दिवसांसाठी' आहे. हे दोन दिवस मिहिरच्या मुंजीपासून चालू आहेत. ते परत मिळवणे हे पुत्रकर्तव्य समजावे. मामांनी चहा पाजल्यास विचलित होऊ नये.

कलम तिसरे : पहिल्या मृत्युपत्राचे अकाली निधन

शस्त्रक्रियेची तारीख कळताच मी दस्तनोंदणी कचेरीच्या आवारात गेलो. तेथे झाडाखाली खुर्ची टाकून बसलेल्या एका सद्गृहस्थाने मला दुरूनच ओळखले. मला नव्हे, माझ्या चेहऱ्यावरील भीतीला.

"मृत्युपत्र? होऊन जाईल, साहेब. साडेसात हजार. शिक्का, स्टॅम्पपेपर, साक्षीदार, सगळं आलं त्यात."

"साक्षीदारही?"

"ते काय, चहा पितायत. तुम्हाला लहानपणापासून ओळखतात."

मी त्या दोन बालमित्रांकडे पाहिले. त्यांनी मला पेला उंचावून अभिवादन केले. मी तेथून सविनय काढता पाय घेतला.

त्यानंतर मी स्वतःची अक्कल वापरली. आमच्या कारखान्यात तपासणीच्या कागदावर 'तपासले' आणि 'मंजूर' या रकान्यांत शिफ्ट सुरू होतानाच सह्या होतात, कारण लाइन थांबवणे हे महापातक आहे. माल मागाहून येतो. याच पवित्र परिपाटीने मी गेल्या सोमवारी दोन सहकाऱ्यांच्या सह्या साक्षीदार म्हणून घेतल्या आणि माझी सही मंगळवारी घरी, देवासमोर, दिवा लावून केली. मग बुधवारी तो कागद घेऊन डांगे चौकाजवळ ॲडव्होकेट आम्रपाली रणपिसे या नोटरीबाईंकडे गेलो. त्यांच्या भिंतीवर फीचा फलक होता आणि तोंडानेही त्यांनी तोच आकडा सांगितला. या चमत्काराने मी अर्धा बरा झालो.

त्यांनी कागद पाहिला. "सर, या दोघांनी नक्की काय पाहून सही केली?"

"मला पाहून. चांगले ओळखतात."

"तुम्हाला नाही हो, तुम्ही सही करताना पाहायला हवं. इथे साक्षीदार सोमवारचे आणि तुमची सही मंगळवारची. उद्या कोर्टात हा कागद टिकायचा नाही."

"आमच्याकडे पद्धत अशीच..."

"तुमच्याकडे पार्ट बनायच्या आधीच पास करतात?"

आयुष्यभर इतरांचे सुटे भाग नापास करणारा मी स्वतःच नापास झालो होतो. ताईची खोली त्या क्षणी पुन्हा हवेत गेली, आणि सोमवार जवळ येत होता.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "साध्या कागदावर चालतं, स्टॅम्पपेपर लागत नाही. ज्यांना यातून काहीच मिळणार नाही, असे दोन साक्षीदार आणा. सगळे माझ्यासमोर बसून सह्या करा. या रद्द कागदाचे पैसे मी घेत नाही, आणि उद्याच्याची पावती देईन."

कलम चौथे : साक्षीदारांची निवड

पहिले साक्षीदार किसन कोपनर, मूळचे परभणीचे, आमच्या प्रेस शॉपमधील ऑपरेटर. रद्द कागदावर त्यांचीही सही होती. मागील मसुद्यात माझा व्हर्नियर कॅलिपर त्यांच्या नावे होता. साक्षीदाराने लाभार्थी नसावे म्हणून ते कलम काढले आणि कॅलिपर काल त्यांच्या हातातच दिला. ते म्हणाले, "सायेब, मरायच्या आधी देऊन टाकलात, लई बेस केलात. आता ऑपरेशनहून आलात तर वापस मागू नका म्हणजे झालं."

दुसरा साक्षीदार शोधताना मी आप्तेष्टांचा विचार सोडून दिला. आप्ताला कोर्टात कोणीही 'तुमचा माणूस' म्हणेल. मला असा मनुष्य हवा होता, ज्याच्यावर माझ्याविषयी प्रेम असल्याचा आरोप शत्रूही करणार नाही. असे एकच नाव निघाले : मालोजी शिंगोटे, आमच्या सोसायटीचे सचिव. माझी गाडी पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर येते की नाही, यावरून गेली बारा वर्षे आमचा अखंड वाद चालू आहे. मी त्यांच्या दारात गेलो.

"गाडीचं बोलायला आलाव का?"

"नाही. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही हवी आहे."

त्यांनी दार पुरते उघडले. मग विचारले, "कवा हाय आपरेशन?"

"सोमवारी."

"आन् कागुद कशापायी?"

मी ताईच्या खोलीचे सांगितले.

"ताईंनी माझ्या रुपालीला दहावीला शिकिवलंय. एक पैका घेतला न्हाई. तवा आमची लई वढाताण चालली व्हती." त्यांनी चपला पायात घातल्या. "चला."

"आत्ता नाही, उद्या सकाळी."

"मंग उद्या. पर गाडीचं त्यात काय बी लिवायचं न्हाई."

मालोजींना मी या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही. नियमच तसा आहे, आणि त्यांना देण्यासारखे माझ्याजवळ जे आहे ते सोमवारनंतरच देता येईल.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र पूर्ण झाले. फी फलकाप्रमाणे दिली, पावती घेतली. मालोजींचा होकार मिळाल्यावर काल रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. ताईला यातले काही सांगितलेले नाही. "माझ्या खोलीला कागद कशाला लागतो?" असे ती विचारेल, आणि त्या प्रश्नाला कोणत्याही नोटरीकडे उत्तर नाही.

स्थळ : थेरगाव, पुणे
दिनांक : १३ फेब्रुवारी २०२५

(सही) शरच्चंद्र वामन खांबेटे

नोटरीची नोंद : मृत्युपत्रकर्त्याने प्रथम व साक्षीदारांनी नंतर, माझ्या व परस्परांच्या समक्ष सह्या केल्या. साक्षीदारांनी आपापली एक ओळ लिहिण्याचा आग्रह धरला. त्याने दस्तास बाध येत नाही. ॲड. आम्रपाली रणपिसे.

साक्षीदार १. किसन कोपनर : सायेबांनी सही केली ती मी बघितलो. मंग मी केलो. यावेळी माल आधी आला.

साक्षीदार २. मालोजी शिंगोटे : सही माझ्या डोळ्यादेखत केली. मानूस पुरा शुद्धीत हाय, बारा वर्सांतला एक बी मुद्दा इसरलेला न्हाई. गाडी आज बी पट्ट्याच्या भाईर हाय. दवाखान्यातनं आल्यावर त्यांनी सोताच सरळ करावी. आमी हात लावनार न्हाई.