आक्काच्या चटणीचं अक्षर

मी, आक्काताई आकाराम चौगुले, वय वर्षे शहात्तर, धंदा चटणी, राहणार कोल्हापूर, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या दबावाशिवाय आणि आज तर भलत्याच खुशीत, हे मृत्युपत्र करून ठेवते.

१. राहतं घर मुलगा विजयसिंह याला. बँकेतली ठेव मुलगी प्रियदर्शनी हिला.

२. मिरची कांडायचं मशीन, 'आक्काची चटणी' हे नाव, आणि ते ज्या अक्षरात छापतो ते अक्षर, नात पूर्णिमा हिला. पूर्णिमा विजयसिंहचीच मुलगी, म्हणजे माल घरातच राहतोय, तरी तो फुगणार. फुगू दे. कारण लिहिते.

पहिलं पाकीट त्यानं केलं. नेटवरनं फुकटचं अक्षर उचललं, त्याच्या टोकाटोकातनं आगीचा जाळ निघालेला. लाल शाईत छापलं आणि अक्षरांची पोटं बुजली. कुरुंदवाडच्या बाजारात एक पावणं पाकीट उलटंसुलटं करून म्हणालं, "आक्का, दिवाळी लांब हाय की! फटाकडी आत्ताच काढलीसा?"

पूर्णिमा छापायच्या अक्षरांचं, पाकिटांचंच काम शिकून आलेली. तिनं तीन अक्षरांतली तीन पाकिटं दुकानाच्या दोरीला टांगली आणि मला रस्त्यापलीकडं उभं केलं. "आज्जी, चष्मा काढ. कुठलं वाचता येतंय?" तेवढ्यात उसाची ट्रॉली गेली. धुरळ्यात दोन नावं पुसली, मधलं तसंच उभं. जाड, पोट मोकळं, डोक्यावरची रेघ सरळ. मी तिथनंच ओरडले, "ह्येच! ह्येच की!"

विजयसिंह म्हणाला, "आई, अक्षराला कोण पैसे देतंय?"

"मग मिरची फुकट आणतोस व्हय?"

अक्षर करणाऱ्याचं मोल देऊन ते वापरायचा परवाना घेतला. तो पूर्णिमाच्याच नावावर आहे, इथं फक्त पक्कं करते.

पाकिटासोबत आम्ही पुस्तिका देतो, चटणीचं काय काय करावं त्याची. त्यातही तेच अक्षर, बारीक, पण ओळींत हवा राखून. माझी शाळा दुसरीपर्यंत. छापलेलं काही हातात आलं की दोन ओळींत गाडं अडायचं. वाटायचं, आपल्या डोक्यातच खोट हाय. ती पुस्तिका मी पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचली, कुणाला न विचारता! मग गल्ली गोळा करून वाचून दाखवली. झुणक्याचं पान दोनदा.

३. माझ्यामागं विजयसिंहनं पाकिटावर पुन्हा जाळ काढला, तर घरही प्रियदर्शनीला जाईल. ही चेष्टा नव्हे, वकिलांना विचारून घातलंय.

४. जाऊबाई तानाबाई म्हणालेल्या, "अक्षर चाटून पोट भरतंय व्हय?" त्यांना दर दिवाळीला एक पाकीट द्यावं. चटणी खावी, अक्षर चाटावं.

वकिलांनी शेवटी नेहमीचं वाक्य घातलेलं, 'मजकूर वाचून दाखवला, तो ऐकून मान्य आहे.' ते मी काढायला लावलं. हा कागदही पूर्णिमाच्या अक्षरातच छापून घेतलाय.

वरील मजकूर मी माझा मी वाचला. बरोबर आहे.

सही: आक्काताई आकाराम चौगुले (अंगठ्यासाठी आणलेला शाईचा पॅड परत न्यावा.)

साक्षीदार:
१. जिनपाल मगदूम, शेजारी
२. विश्वजित निंबाळकर, दवाखान्याचे डॉक्टर

कोल्हापूर, दि. १४ मार्च २०२५