एकचाकी स्ट्रेचरवरून उतरलेला वाटाड्या

आदरणीय न्डेकिर्वादादा यांस, पाटापलीकडून धाकट्या अनाएलीचा नमस्कार.

ताजी बातमी तुम्हाला माझ्याआधी कळलीच असेल. डोंगरावर माणसं नेणाऱ्या मुख्य वाटाड्यांच्या यादीतून माझं नाव परवा निघालं आणि त्या जागी तुमच्या मुलाचं, गॉडलिसनचं लागलं. मारंगूच्या फाटकावरच्या कारकूनबाईंनी यादी उलटसुलट करून दाखवली, वर स्वतःचा चष्माही दिला. खात्री पटली. तुमची कंबर कशी आहे? वहिनींची गाय व्याली का? इकडे केळी बरी आहेत, कॉफीला कीड आहे आणि तुमची भावजय ठणठणीत आहे. (हे पत्र तीच आणून देईल, कारण तुमच्या उंबऱ्याला पाय न लावण्याची मी शपथ घेतली आहे. मध्ये फक्त पाट आणि तीस पावलं आहेत, पण शपथ म्हणजे शपथ.)

घडलं काय, ते तुमच्या चिरंजीवांचं अख्ख्या मारंगूला सांगून झालंय. मला फक्त तुम्हालाच सांगायचंय, पुन्हा एकदा. पाच पोलिश दंतवैद्यांना घेऊन आम्ही दुपारी शिखराखालच्या किबोच्या तळावर पोचलो. पाचही जण घोड्यासारखे धडधाकट. आजारी होता तो गॉडलिसन. खडकाआड ओकत होता, ओठ निळे, बुटाची नाडी बांधता येईना. मला म्हणाला, "आजी, दार लाव, बकरी आत येतेय." (तिथे दार नाही, बकरी नाही, आणि आजी तर मी मुळीच नाही.)

विरळ हवेत डोंगर लागलेल्याला ताबडतोब खाली न्यायचं, हे आपल्याकडे शाळेच्या आधी शिकवतात. आपल्या चग्गा माणसाला डोंगर लागत नाही, हेही तेव्हाच शिकवतात. वाटाड्याच ओकत उतरला असं कळलं असतं, तर पोराचं काम गेलं असतं आणि कीवेलूंच्या मुलीशी ठरलेलं लग्नही. म्हणून मी डोकं धरून मोठ्यानं विव्हळलो आणि एकचाकी स्ट्रेचरवर आडवा झालो. दंतवैद्यांना दुसऱ्या वाटाड्याच्या हवाली केलं आणि "मला माझा पुतण्याच खाली नेईल" असा हट्ट धरला. गॉडलिसनचा तोल जात होता, म्हणून त्याचा हात मी मफलरनं स्ट्रेचरच्या दांडीला बांधला. बघणाऱ्यांना वाटलं, केवढी ही माया!

स्ट्रेचरला चाक एक, हमाल सहा, दगड अगणित. निघण्याआधी एका दंतवैद्यानं माझ्या तोंडात बॅटरी मारली आणि दोन दाढा काढायला सांगितल्या. पुढे वाटेत हमालांनी उरलेलं सगळं काढलं. "वीस वर्षं आम्हाला हळू चला, हळू चला म्हणालास ना, म्हातारबा? आता घे!" हा टुम्सिफू. (त्याला एकट्याला मी खरं सांगितलं होतं, म्हणून तो मुद्दाम दगडांवरून नेत होता.) मागून कुणी विचारलं, "हा गेला तर बूट कुणाला रे?" "मला नकोत. तळाला भोक आहे."

खालच्या होरोंबोच्या तळावर हवा दाट झाली आणि तुमचा मुलगा शुद्धीवर आला. वाटलं, कानाशी येऊन म्हणेल, काका, तुम्ही मला वाचवलंत. तो दोन वाडगे सूप प्यायला आणि जमलेल्यांना सांगू लागला, "काकांचं वय झालंय, मला केव्हाच दिसत होतं." खोटं बोलतोय म्हणावं, तर तेही नाही. त्याला मधलं काही आठवतच नाही. आठवतं ते एवढंच, की काका स्ट्रेचरवर होते आणि दांडी त्याच्या हातात होती. दंतवैद्यांनी त्याच्या कौतुकाचं पत्र कंपनीला धाडलं. मी तेवीस वर्षं माणसं शिखरावर नेली, पण माझ्यासाठी कुणी पोस्टकार्ड लिहिलं नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. राग तुमच्यावर आहे. मी घरी येऊन सगळं सांगितलं, तर सख्खा भाऊ म्हणतो, "अनाएली, वय झालं की माणूस गोष्टी रचतो."

वहिनींना नमस्कार, गाईला चारा, तुम्हाला काही नाही.

तुमचा (कागदोपत्री) भाऊ,
अनाएली

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. टुम्सिफूनं काल तुम्हाला खरं काय ते सांगितलं आणि तुम्ही कुंपणावरचं इसालेचं पान तोडून, गाठ मारून ठेवलंय, असं ऐकतो. कृपा करून आणू नका. ते पान पुढे धरलं की माफ करावंच लागतं, आपल्या आजोबांचीसुद्धा त्यातून सुटका झाली नव्हती. मला अजून कॉफीच्या तोडणीपर्यंत तरी रागवायचंय.

आणखी ता. क. राग हे नुसतं निमित्त आहे. सोमवारी गॉडलिसन नवी माणसं घेऊन वर निघतोय. असा डोंगर एकदा लागला की पुन्हा लागू शकतो, आणि या वेळी त्याच्याऐवजी आडवं व्हायला कुणी नसेल. त्याला अडवा. अडवता येत नसेल (लग्न तोंडावर आहे, तो ऐकणार नाही), तर निदान पान तरी आणू नका. माफ केलं, तर मला त्याच्याबरोबर जावं लागेल, त्याचा मदतनीस म्हणून, त्याचे हुकूम ऐकत.

शेवटचं. तुमची भावजय पत्र घ्यायला उभी आहे. म्हणते, टुम्सिफूला तुमच्याकडे तिनंच धाडलं होतं, आणि केळ्यांची दारूही आंबायला घालून झालीय. उद्या रविवार. प्रार्थना अकराला सुटेल, सव्वाअकराला तुम्ही पाट ओलांडाल. मी तोंड वाकडं करून पान घेईन. सोमवारी सकाळी आम्ही निघू. तो पुढे, मी मागे.