दाराआडची संमती

चामराजपेट, बेंगळूर
२७ नोव्हेंबर १९६८

प्रिय अहल्या,

तुझं आधीचं लांबलचक पत्र आणि काल आलेलं कार्ड, दोन्ही समोर घेऊन बसलो आहे. पत्र चार पानी, कार्डावर दोन ओळी : आई गेल्याची तुमकूरची तार मिळाली, मी जाणार नाही, आणि का ते. कार्डाला उत्तर देणं अवघड, म्हणून पत्रापासून सुरुवात करतो. तुझ्या या मास्तरांची ही जुनी खोड तुला ठाऊक आहे, कठीण श्लोक नेहमी तासाच्या शेवटी.

मुन्सफाच्या जागेच्या मुलाखतीत तू बाणेदारपणे बोललीस म्हणायचं. तीन वृद्ध गृहस्थांनी विचारलं, बाईमाणूस न्यायासनावर बसलं तर तिचा कल बायकांकडे जाणार नाही कशावरून? आणि तू म्हणालीस, खुर्चीत बसल्यावर मी बाई नसेन, अमक्या जातीची नसेन, कोणाची कोणी नसेन. वाचून हसू आलं. एवढी विशेषणं गळाल्यावर उरतं ते वेदान्तातलं ब्रह्म, आणि ब्रह्माला मुन्सफाचा पगार द्यायला म्हैसूर सरकार राजी होईल असं वाटत नाही. पण उत्तर त्यांना आवडलं असणार. मलाही आवडलं असतं, सतरा वर्षांपूर्वी.

इकडे थंडी पडली आहे. कौशल्याकाकूंचे गुडघे धरले आहेत, तरी तुझ्यासाठी चटणीपूड कुटून ठेवली आहे. बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेत मी शेरभर शेंगा मागितल्या, तर बाईनं ‘सरी, सरी’, बरोबर आहे, म्हणत मूठभर कमीच घातल्या. मी मुकाट्यानं घेऊन आलो. माप बघण्यात मी किती हुशार आहे ते पुढं कळेलच.

एक्कावन्न साली तुझे वडील गेले, आणि दहा वर्षांची तू कोणाकडे राहायचं हे आपल्या मंडळीतल्या पंचांनी ठरवलं, एवढं तुला माहीत आहे. तुझी आई पद्मावती तुला घेऊन तुमकूरला, भावाकडे, रघुपतीकडे जायला निघाली होती. भगवंतरावकाकांचं म्हणणं, भावाची मुलगी या घराची, ती इथंच वाढेल. त्यांना नि कौशल्याकाकूंना मूलबाळ नव्हतं, तुझ्यावर जीव होता. त्यात खोट नव्हती. कोर्टात जाणं तेव्हा आपल्या लोकांना घरात चोर शिरण्याहून लाजिरवाणं वाटे. म्हणून तुमच्या पडवीत पाच पुरुष बसले, एका जातीचे, एकाच गल्लीतले. त्यांतला सर्वांत लहान, संस्कृत येतं म्हणून निवाडा लिहायला बसवलेला पाचवा, मी होतो. दुसऱ्याच वर्षी तुला फुकट शिकवायला लागलो, तेव्हा सगळे म्हणाले, मास्तर मनाचे मोठे.

विधवेनं पंचांपुढं यायचं नाही, हा रिवाज. ती माजघराच्या दाराआड बसायची. पंचांचा प्रश्न दीर आत जाऊन विचारी आणि तिचं उत्तर बाहेर येऊन सांगे. जिच्याशी त्याचा तंटा, तिच्या वतीनं बोलणारा तोच. यात विचित्र असं पाचांपैकी एकालाही काही दिसलं नाही. मुलीला इथं ठेवायला तुझी संमती आहे का, असा प्रश्न आत गेला. बराच वेळ कुजबुज चालली. मग भगवंतराव बाहेर येऊन म्हणाले, “आहे म्हणते.”

अहल्या, मी टीका आणि भाष्यं वाचण्यात हयात घालवलेला माणूस. आत चार-पाच वाक्यांएवढं बोलणं झालं आणि बाहेर दोन शब्द आले, हे मी टिपलं होतं. बाकीचं कुठं गेलं, असं मनात आलंही. आणि मी टाक बुडवून लिहिलं, ‘मातेने स्वखुशीने संमती दिली.’ व्यंकोजीराव पंचांनी अक्षराची तारीफ केली, आणि तुझी आई एकटीच तुमकूरला गेली.

आम्ही कोणाचे मिंधे नव्हतो. पक्षपात केला नाही, ही आमची बढाई खरीच होती. पण त्या दारापलीकडे उठून जाऊ शकेल असं आमच्यात कोणी नव्हतं. पंचांत एखादी बाई असती तर तिला न्यायशास्त्र यायचीही गरज नव्हती. ती नुसती उठून आत गेली असती. तिचा कल तुझ्या आईकडे गेला असता का, ठाऊक नाही. निकाल कदाचित तोच लागला असता. पण ऐकून लागला असता.

गेल्या महिन्यात परीक्षेच्या कामानं तुमकूरला गेलो, तेव्हा रघुपतीकडे डोकावलो. तुझी आई अंथरुणावर होती. तिला मी समोरून पाहिलं ते पहिल्यांदाच. त्या दिवशी आत तुम्ही काय म्हणालात, असं विचारलं. तिला आठवावं लागलं नाही. म्हणाली, “मी म्हटलं, भावोजी, पोर इथं ठेवणार असाल तर मलाही माहेरी नका धाडू. इथंच मोरीपाशी पडून राहीन, भांडी घाशीन. पण पोरीला सोडून जा म्हणू नका.” मग तू डोळ्यांना चष्मा लावतेस का ते विचारलं, आणि तुला शिकवलं म्हणून माझे आभार मानले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येऊन त्याच दिवशी तुला लिहायला हवं होतं. तुझी मुलाखत होऊन जाऊ दे, असं स्वतःला सांगत राहिलो. मुलाखत झाली आणि पाठोपाठ तार आली. म्हणजे तिचं बोलणं मी दोनदा वाटेत अडवलं, दुसऱ्या खेपेला तुझ्यापर्यंत पोहोचण्याआधी.

ज्या आईनं मला स्वखुशीनं देऊन टाकलं तिच्यासाठी मी कशाला जाऊ, असं तू कार्डावर लिहिलं आहेस. तो शब्द तिचा नाही, माझा आहे. एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं. कौशल्याकाकू त्या दिवशी आतच होत्या, त्यांनाही कोणी विचारलं नाही. त्यांच्यावर रागावू नकोस. भगवंतराव आणि बाकीचे चारही पंच आता गेले. दोष घ्यायला मी आहे. रघुपतीनं अस्थी ठेवल्या आहेत, रविवारी सकाळी श्रीरंगपट्टणला नेणार आहे. मीही जाणार होतो. पण तुला माझं तोंड पाहवणार नसेल तर मला तार कर. मी घरी थांबेन, तू जा.

तुझाच,
शेषगिरी मास्तर