किल्ली एजंटकडे आहे

६ जानेवारी, सोमवार
कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख महिनाअखेरीस नेमणार, असं आमच्या बॉस लॉरेटाबाईंनी मीटिंगमध्ये सांगितलं. विभागात माणसं दोन, मी आणि ओडेट. ओडेट हुशार आहे, पण नवखी. म्हणजे माझं नाव जाहीर व्हायचं तेवढं बाकी. या स्कूल बस कंपनीचा सर्व्हर इतकी वर्षं मीच सांभाळलाय.
संकल्प: सर्व्हरची सुरक्षा. वजन. बायकोशी, म्हणजे नोरीनशी, वाद कमी.
घरी येऊन नोरीनला बातमी दिली. ती म्हणाली, आधी गाडीच्या इंजिन-हीटरची वायर प्लगला लाव, नाहीतर सकाळी इंजिन गोठेल.

८ जानेवारी, बुधवार
कामाला लागलो. दुरून पासवर्ड टाकून सर्व्हरमध्ये शिरणं कायमचं बंद. आता ज्याच्याकडे किल्लीची फाइल, तोच आत. किल्ल्याही फार झाल्या होत्या. जुन्या काढल्या, मग ओडेटचीही काढली. किल्ल्या कमी तितका धोका कमी. ती म्हणाली, निदान एक जास्तीची असू दे, तू आजारी पडलास तर?
मी आजारी पडत नाही. दुपारपासून घसा खवखवतोय, पण ती हवा कोरडी आहे म्हणून.

१४ जानेवारी, मंगळवार
किल्लीचा पासफ्रेज शेवटचा कधी टाइप केलास, असं ओडेटने जेवताना विचारलं. काय प्रश्न! तिला नीट समजावलं. पासफ्रेज म्हणजे किल्लीवरचं कुलूप. ते एकदा उघडून किल्ली एजंटच्या हवाली करायची. एजंट हा मागे गपचूप चालणारा प्रोग्राम. उघडी किल्ली तो जवळ ठेवतो आणि सर्व्हरच्या दारात आपल्या वतीने दाखवतो. पुन्हा पुन्हा टाइप करायची कटकट नाही. मी लॅपटॉप बंदच करत नाही, त्यामुळे माझा एजंट उन्हाळ्यापासून चालू आहे.
हे सगळं तिला माहीत होतं म्हणे. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तुला आठवत नाहीये."
रात्री पेरोगी खाताना आठवून पाहिलं. लांबलचक वाक्य होतं. त्यात मासा होता बहुतेक.

१६ जानेवारी, गुरुवार
तसा उपाय सोपा आहे. एजंट चालू आहे तोवर सर्व्हरमध्ये शिरायचं आणि नवी किल्ली बसवायची. दोन मिनिटांचं काम. पण त्याची नोंद राहते, आणि ओडेट नोंदी वाचते. तिला वाटेल मी खरंच विसरलो.
विसरलेलो नाही. फक्त आठवत नाहीये. सोमवारी बघू.

२० जानेवारी, सोमवार
दमलो. सकाळभर किल्लीला एकेक पासफ्रेज लावून पाहिला. मासा, तळं, तळ्याचं नाव, नोरीनचं नाव, नोरीनच्या आईचं नाव. नोरीन म्हणाली, लग्नाची तारीख लावून बघ. मग तीही आठवेना. विषय बदलला.
नव्या किल्लीचं उद्या.

२२ जानेवारी, बुधवार
कालचं राहिलं. कारण सगळ्यांसाठी परिपत्रक लिहीत होतो. एजंटने किल्ली आठ तासांत विसरलीच पाहिजे, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराच्या हाती काही लागणार नाही. भाषा झकास जमली. लॉरेटाबाई खूश. तुमच्या लॅपटॉपवर हे आधीच असेल ना, म्हणाल्या. मी म्हटलं, अर्थात. ओडेट खिडकीबाहेर बघत होती.
मग करणं भागच होतं. चालू एजंट बंद केला, आठ तासांची मुदत घालून नवा सुरू केला. नव्याला किल्ली द्यायची तर पासफ्रेज मागतो. माझी बोटं थंडीने आखडली आहेत. सकाळी आपोआप येईल. या गोष्टी डोक्यात नसतात, बोटांत असतात.

२३ जानेवारी, गुरुवार
नाही आला.
बाहेर अंगाला चटका बसेल अशी थंडी, बस रद्द. तसा मेसेज मी सर्व्हरमध्ये शिरून पालकांना सोडतो. बोटांनी बरंच काही टाइप केलं, त्यातलं काहीच चाललं नाही. लॉरेटाबाईंचा फोन. मी म्हटलं, सर्व्हर अगदी सुरक्षित आहे. त्या म्हणाल्या, "कोणापासून?"
शेवटी बाई, ओडेट, ड्रायव्हर, मी, सगळ्यांनी मिळून पालकांना एकेक करून फोन लावले. एका घरचा लागलाच नाही. त्यांची दोन मुलं फाट्यावर बसची वाट बघत उभी होती. ओरेस्ट ड्रायव्हर स्वतःची पिकअप घेऊन गेला आणि त्यांना घरी पोचवलं. धाकटीचे गाल थंडीने पांढरे पडले होते. आता बरी आहे.
हवामानवाल्यांनी आधी सांगायला हवं होतं.

२४ जानेवारी, शुक्रवार
सर्व्हर असतो दूर विनिपेग शहरात. ओडेट बर्फातून तिकडे गाडी घेऊन गेली आणि मशीनलाच कीबोर्ड जोडून आत शिरली. आधी स्वतःची किल्ली परत बसवली, माझी काढली. मी सोबत येतो म्हटलं होतं. राहू दे, म्हणाली.

३१ जानेवारी, शुक्रवार
प्रमुख ओडेट. केक होता. मला ते पद नकोच होतं, फार मीटिंगा असतात. केक दोनदा घेतला.
नंतर ती माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, आता सर्व्हरला हात लावू नकोस म्हणणार. ती म्हणाली, "गार्थ, नवी किल्ली बनव, मी बसवते. पासफ्रेज मात्र घाल. घातलास की नाही ते मला सर्व्हरवरून दिसत नाही, ते तुझ्यावर सोडते."
एवढं सगळं झाल्यावर कोण टाकतं असा विश्वास?
लगेच बनवायला बसलो. पासफ्रेज मागितला. बराच वेळ विचार केला. मग जागा रिकामी ठेवून एंटर दाबलं. खात्रीसाठी पुन्हा मागतो, पुन्हा एंटर दाबलं.
ओडेटला सांगितलं, घातलाय. चांगला लांब आहे.