चार देशांची तुकडी

ता. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. शांतिसेनेत चार देशांचे शिपाई तुझ्या हाताखाली, आणि तुझा परदेशी उपप्रमुख तुझ्या प्रत्येक हुकमावर आधी स्वतःच्या सरकारला विचारतो, हे वाचून डोकंच फिरलं. आमच्या पलटणीत 'का' विचारणाऱ्याला मी मैदानाला फेऱ्या मारायला लावत असे. जरा आवाज चढव. आई म्हणते, चढवू नको, तुझा घसा लगेच धरतो. ती दर रविवारी तुझ्या पलंगावरची चादर बदलते. कोणी झोपलेलं नसतं.

एप्रिलात येतेस ना?

वाट पाहणारा,
बाबा

ता. २६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आवाज चढवून पाहिला. उपप्रमुखाने कडक सलाम ठोकला आणि जागचा हलला नाही!

परवा धान्याचे ट्रक बंदूकवाल्यांनी पुलावर अडवले. पलीकडच्या छावणीत लेकरं उपाशी. पुलावर चाल करायला उपप्रमुखाला त्याच्या सरकारची परवानगी नव्हती. मी हुकूम सोडला असता, तर तुकडी तिथेच दुभंगली असती. म्हणून त्यालाच विचारलं, तुला काय करता येईल? म्हणाला, मला यांची भाषा येते, बोलून बघतो. सगळं बोलणं त्याच्यावर सोपवून मी नुसती शेजारी उभी राहिले. गप्प बसणं तुमच्या लेकीला किती जड जातं, तुम्ही जाणताच. उन्हं कलता कलता ट्रक सुटले. एकही गोळी उडाली नाही.

आता आणखी सहा महिने राहा म्हणताहेत. नवा प्रमुख आला की विश्वास जुळवणं पुन्हा पहिल्यापासून. पण तुम्ही 'ये' म्हणालात तर येईन. इथे सगळे मला मॅडम म्हणतात. भिंगरी म्हणणारं कोणी नाही.

आईला नमस्कार. दोघांची माया अशीच राहू द्या.

तुमची,
भिंगरी

ता. १९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवत होतो. 'सहा महिने' पाशी कागद तिच्या हातात दिला. पुढचं तिनेच वाचलं. 'ये' अगदी जिभेवर होतं. पण आधी तिला विचारलं, तुला काय वाटतं? इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच विचारलं, म्हणून ती हसली. मग पाठ फिरवून म्हणाली, तिथली लेकरं जेवू देत, राहू दे तिला.

तेव्हा राहा. मला पटलंय असं मात्र समजू नकोस.

हल्ली फाटकाची कडी वाजली की आम्ही दोघंही उठतो, आणि दूधवाला असेल म्हणून उठलो असं एकमेकांना सांगतो.

जिवाला जप. लोभ काय, तो तुझाच आहे.

तुझा,
बाबा