दादाचा कडा

३ मार्च, मंगळवार
ठरलं. पुढच्या शनिवार-रविवारी जाणार. दादा दरवर्षी एकटा ज्या शहरात दोन दिवस जायचा, तिथेच. प्लॅन तोच, त्याचा. शनिवारी तळ्यात कयाक, म्हणजे ती एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, संध्याकाळी बाजारात तिथले तिखटजाळ खेकडे. रविवारी शहरामागचा उभा कडा, दोरावरून. दादा हे सगळं पन्नाशी उलटल्यावर करायचा. मी त्याच्याहून लहान, म्हणजे जास्त फिट. सरळ आहे.
हिला सांगितलं. ही म्हणाली, दुकानाचं शटर वर करताना तुम्हाला धाप लागते. शटरला तेल नाही, हे बायकोला कोण सांगणार?

५ मार्च, गुरुवार
दादा थंडीत गेला, तेव्हापासून दुकानात एक गंमत होते. गंमतच, दुसरं काही नाही. गिऱ्हाइकाचे डोळे तपासत असलो की मागे कुणीतरी घसा खाकरतं. दोनदा, मधे थांबून. दादा खाकरायचा तस्साच. वळून बघावं तर फ्रेम्सचं कपाट. सगळे चष्मे माझ्याकडे बघत असतात.
आज गिऱ्हाइकाने विचारलं, मागे कोण आहे हो? मी म्हटलं, कुणी नाही. मग तुम्ही सारखे कुणासाठी बाजूला सरकताय, म्हणे.
कपाटाच्या बिजागऱ्या वाजत असणार. सुताराला बोलवायचं.
व्यायाम उद्यापासून.

८ मार्च, रविवार
वहिनींकडे गेलो. दादाचं विंडचीटर आणि टोपी मागितली. वहिनींनी विंडचीटर धुतलेलं नव्हतं. खिशाला अजून त्याच्या बामचा वास. अंगात घातलं, टोपी चढवली, आरशात बघितलं.
दादा.
लगेच काढलं. घरात फार उकडत होतं.

१३ मार्च, शुक्रवार
बॅग भरली. व्यायाम झाला नाही, पण मोहिमेआधी शरीर दमवायचं नसतं. हिने विंडचीटरची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली आणि एकदम मागे सरकली. पाठ फिरवून म्हणाली, निघा आता, गाडी चुकेल. गाडीला भरपूर वेळ होता.

१४ मार्च, शनिवार, रात्रीचं जेवण लवकर उरकून
हॉटेलात शिरलो तसा काउंटरवरचा माणूस उठून उभा राहिला. यंदा उशीर केलात, म्हणाला. न विचारता तळमजल्यावरची खोली दिली, जिना नको म्हणून. याला म्हणतात सर्व्हिस. काही लोकांना माणसाची पारख असते.
तळ्यावर होडीवाल्या बाईंनी विचारलं, नेहमीसारखं बाकावरच बसणार ना? विनोदी बाई. मी हसलो आणि ऐटीत कयाकमध्ये बसलो. कयाकमध्ये मूळचाच दोष असावा. काठापाशीच उलटली. पाणी गुडघाभर होतं, पण गुडघाभर पाण्यातही माणूस पूर्ण भिजतो. बाईंनी कॉलर धरून मला वर ओढलं, चेहरा निरखून बघितला आणि म्हणाल्या, तुम्ही ते नाही. कॉलर सोडली. मी परत पाण्यात.
ते म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. कानात पाणी गेलं होतं.
संध्याकाळी खेकड्यांचं हॉटेल. मी तोंड उघडायच्या आत वेटरने गरम दूध आणि पाव आणून ठेवला. वर तिखटाची बरणी उचलून पलीकडच्या टेबलावर नेली. मी म्हटलं, अहो, खेकडे! तो हळूच म्हणाला, साहेब, नुसत्या वासाने काय झालं होतं, आठवतंय ना?
दूध-पाव खाल्ला. चांगला होता. खेकडे उद्या.
समोरच्या खुर्चीतून कुणीतरी खाकरलं. खुर्ची रिकामी. जरा मागे सरकलेली होती. मी ती आत ढकलली. मग परत बाहेर काढली. बसायचं असेल तर असावी.

१५ मार्च, रविवार
कड्यावर गेलो. दोरवाल्या पोरीने पट्टे आवळले. मी माणूसभर उंची गाठली आणि वारा सुटला. वारा म्हणजे, मी दोराला मिठी मारली. तिने मला गाठोड्यासारखं खाली सोडलं. ही पाहणी होती, चढाई दुपारी.
खाली चहाची टपरी आहे. तिथल्या म्हाताऱ्या बाई विंडचीटरकडे बघतच राहिल्या. मग आतून एक स्टूल काढून बाहेर ठेवलं.
"त्यांचे कोण तुम्ही?"
"धाकटा भाऊ."
"आणि ते?"
मी मान हलवली. त्यांनी किटली खाली ठेवली, फडक्याने स्टूल पुसलं, आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.
दादा दरवर्षी यायचा म्हणे. दिवसभर या स्टुलावर बसायचा. कडा एकदाही चढला नाही. कुणी चढून उतरलं की त्याला बसवून चहा पाजायचा आणि विचारायचा, वरून काय दिसतं? परत सांगा. सावकाश सांगा.
"मी एकदा म्हटलं, चढा की. तर म्हणाले, चक्कर येते हो. आमच्या घरी कळू देऊ नका."
मला भयंकर राग आला. घरातल्या प्रत्येक पंगतीत याच्या मोहिमा ऐकल्या मी! जन्मभर या माणसापुढे स्वतःला भित्रा समजत आलो! तरातरा निघून जायचं ठरवलं. आधी फक्त चहा संपवू म्हटलं.
उन्हं कलेपर्यंत तिथेच होतो. स्टूल मधे झिजून खोलगट झालंय. बरोबर बसलो त्यात. दोन मुलं कडा उतरून आली. त्यांना चहा सांगितला. वरून काय दिसतं, विचारलं.
तेवढ्यात कुणीतरी घसा खाकरला. दोनदा, मधे थांबून. वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं. मीच होतो.

१७ मार्च, मंगळवार
वहिनी दुकानात आल्या. खरं सांगायचंच, हे गाडीतच पक्कं केलं होतं. वाक्यही तयार होतं. वहिनी, दादा कधी... इथपर्यंत आलोही.
त्या म्हणाल्या, "भावजी, चढलात? वरून काय दिसतं?"
नवीन चष्मा लावून माणूस पहिल्यांदा समोर बघतो ना, तशा बघत होत्या.
मी म्हटलं, दोन नद्या दिसतात. एक हिरवी, एक मातकट. मिळाल्या तरी बराच लांबपर्यंत मधे रेघ राहते.
वहिनी खुर्चीत बसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या. म्हणाल्या, हे अगदी असंच सांगायचे. मग डोळे पुसून ताठ बसल्या. म्हणाल्या, डॉक्टर म्हणतात माझे गुडघे उत्तम आहेत, पुढच्या वर्षी मी पण येणार. तुम्ही पुढे चढा आणि वरून फक्त हात द्या.
ही काउंटरमागून माझ्याकडे बघत होती.
मी म्हटलं, हो, नक्की.
वहिनींनी येता येताच दोर बघून ठेवलाय. पिवळा. दोन माणसांचं वजन आरामात पेलतो, असं दुकानदार म्हणाला.